फुल आयर्नमॅनमध्ये सायकलवर हार्ट रेट किती ठेवायचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४३, राहायला पुण्यात, गोव्याची ७०.३, म्हणजे अर्ध्या अंतराची आयर्नमॅन (पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ), दोनदा पूर्ण. दुसऱ्या वेळी ६ तास ४० मिनिटं लागली. त्यात पोहणं ४८ मिनिटं, सायकल ३ तास ५ मिनिटं, धावणं २ तास ३८ मिनिटं आणि उरलेला वेळ कपडे-बूट बदलण्यात. नुसती अर्ध मॅरेथॉन तुम्ही १ तास ५२ मिनिटांत धावता. गोव्यात सायकलवर सरासरी हार्ट रेट १५१ होता आणि धावताना अकराव्या किलोमीटरनंतर बहुतेक चालणंच झालं. आता नोव्हेंबरात मलेशियात लंकावीला फुल, म्हणजे त्याच्या दुप्पट अंतराची पूर्ण आयर्नमॅन (सायकल १८० किलोमीटर, धावणं ४२), करायची आहे. तुम्ही लिहिलंत, "सर, सायकलवर नेमका किती हार्ट रेट धरून ठेवू? घड्याळ झोन दोन म्हणजे १०६ ते १२४ दाखवतं. त्यात तर सायकल पुढेच सरकत नाही."

आकडा देणारच आहे. पण त्याआधी "धरून ठेवू" या शब्दाबद्दल बोलायला हवं, कारण गोव्यात तुमचं गणित तिथेच चुकलं असं मला वाटतं. लांब अंतराच्या शर्यतीत हार्ट रेट हे छत असतं. त्याच्या खाली राहायचं असतं, त्याला जाऊन चिकटायचं नसतं. शिवाय हे छत दिवसभर एकाच उंचीवर राहत नाही. सकाळी आठ वाजता १३५ म्हणजे जे असतं, ते दुपारी एक वाजता १३५ म्हणजे नसतं.

घड्याळाचे झोन, म्हणजे त्याने पाडलेले हार्ट रेटचे टप्पे, आधी बाजूला ठेवा. ते २२० वजा वय या हिशेबातून आलेत. २२० वजा ४३ म्हणजे १७७, त्याचे ६० ते ७० टक्के म्हणजे १०६ ते १२४. हे सूत्र मोठ्या गटाच्या सरासरीला ठीक आहे, पण एकेका माणसाच्या बाबतीत ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं, कधी त्याहूनही जास्त. तुमच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीची जी फाइल पाठवलीत, तिच्यात पन्नास मिनिटं सरासरी १७० दिसते. ज्याचा कमाल हार्ट रेट १७७ असेल त्याला हे जमणं जवळजवळ अशक्य. म्हणजे तुमचा कमाल आकडा वरच कुठेतरी आहे आणि घड्याळ तुम्हाला विनाकारण खाली बसवतंय.

आपल्याला कमाल आकड्याची गरजही नाही. हवा तो थ्रेशोल्ड, म्हणजे साधारण तासभर जोर लावून टिकवता येईल अशा मेहनतीचा हार्ट रेट. तो काढायची प्रशिक्षक जो फ्रील यांची चाचणी सोपी आहे. नीट वॉर्मअप करून ३० मिनिटं एकट्याने, शर्यतीसारखं, पूर्ण ताकदीने जायचं. दहा मिनिटं झाली की लॅपचं बटण दाबायचं. शेवटच्या २० मिनिटांची सरासरी हा तुमचा थ्रेशोल्ड. धावण्याची आणि सायकलची चाचणी वेगवेगळ्या दिवशी करा, कारण सायकलवर अंगाचं वजन खोगीर पेलतं आणि स्नायूही कमी लागतात, त्यामुळे आकडा बहुतेकांचा पाच ते दहा ठोके कमी येतो. घरी ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर) करणार असाल तर समोर मोठा पंखा हवाच. तो नसेल तर उष्णतेने आकडा फुगेल. आणि छातीचा पट्टा वापरा. मनगटावरचं सेन्सर धावताना बऱ्याचदा पावलांचा ठेकाच ठोके म्हणून मोजतं आणि १७०च्या आसपास अडकून बसतं.

तुमच्या फाइलवरून माझा अंदाज धावण्याचा १६८ आणि सायकलचा १६० असा आहे. चाचणीत वेगळं आलं तर खालचे आकडे त्या प्रमाणात सरकवा.

आता गोव्याकडे पाहा. १६०पैकी १५१ म्हणजे थ्रेशोल्डच्या ९४ टक्के, आणि ते तीन तास. त्या दिवशी तुम्हाला बरं वाटत होतं यात मला शंका नाही. सायकलवर सगळ्यांनाच बरं वाटतं, त्यातच गोम आहे. ऑक्टोबरातल्या मिरामारच्या दमट उन्हात ७०.३ची अर्ध मॅरेथॉन नेहमीपेक्षा पंधरा-वीस मिनिटं हळू होणं मी रास्त धरतो. तुमची ४६ मिनिटं हळू झाली. ती जादा पंचवीस-तीस मिनिटं तुम्ही सायकलवरच खर्च केली होती, पावती फक्त धावताना हातात आली.

हे असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे शर्यतीच्या दिवशी आकडा पाळणं सोपं जाईल. शरीरात ग्लायकोजनच्या रूपात साठवलेली साखर चारशे-पाचशे ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे साधारण दोन हजार कॅलरी. फुलच्या दिवशी खर्च त्याच्या कितीतरी पट होतो. उरलेलं भागतं ते चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्या साखरेतून. मेहनत थ्रेशोल्डच्या जवळ गेली की चरबीचा वाटा झपाट्याने कमी होतो आणि साठ्यातली साखर भराभर जळते. त्याच वेळी रक्त स्नायूंकडे आणि गार होण्यासाठी त्वचेकडे धावतं, पोटाला कमी पडतं. मग जेल (पाकिटातला साखरेचा घट्ट पाक) पोटात पडून राहतात, मळमळतं, आणि खाणंच बंद होतं. म्हणजे एकीकडे साठा लवकर उपसला जातो आणि दुसरीकडे भरणाही थांबतो. म्हणून माझ्या लेखी सायकलवरच्या योग्य वेगाची खूण एकच: त्या वेगात तुम्हाला तासाला ६० ते ८० ग्रॅम कार्बोहायड्रेट सहा-सात तास पचवता आलं पाहिजे. ते जात नसेल तर वेग जास्त आहे, मग घड्याळ काहीही म्हणो.

हे मी स्वतः भोगलंय. माझ्या दुसऱ्या फुलमध्ये पहिले साठ किलोमीटर वारा पाठीशी होता. सायकल अशी चालली होती की १५०-१५२ दिसत असूनही मी मागे आलो नाही. शंभरी ओलांडल्यावर जेलचं पाकीट तोंडाशी नेलं की उमाळा यायचा. मी नुसतं पाणी पीत राहिलो. धावताना तेविसाव्या किलोमीटरच्या एड स्टेशनवर, म्हणजे खाण्यापिण्याच्या टेबलापाशी, कोलाचा कप हातात घेऊन उभा होतो आणि तो गिळवत नव्हता. घड्याळात पाहिलं तर ११८. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की चला, हार्ट रेट छान खाली आहे, आता वेग वाढवता येईल. पाय उचलायला गेलो तर उचलेनात. तिथे पाणी देणाऱ्या एका बाईंनी न विचारता माझ्या तळहातावर मीठ ठेवलं, कपातला कोला अर्धा ओतून टाकला आणि खुणेनेच सांगितलं, एकेक घोट घे. उरलेले एकोणीस किलोमीटर मी चालत आलो. त्या ११८चा अर्थ मला घरी आल्यावर, फाइल उघडून बसल्यावर कळला. हृदयाला उसंत मिळाली म्हणून तो आकडा खाली आला नव्हता. हृदयाकडे काम मागायला पायांत ताकदच उरली नव्हती.

तर दिवसभरात आकड्याचा अर्थ कसा बदलतो ते पाहू.

पोहताना हार्ट रेटकडे पाहायचंच नाही. पहिले दोनशे मीटर मुद्दाम हळू, श्वास बसेपर्यंत, एवढं पुरे. पाण्यातून उठून उभे राहिलात की घड्याळ १६० दाखवेल. आडव्याचं उभं होणं, धावत सायकलपर्यंत जाणं, गर्दीचा उत्साह, सकाळची कॉफी, सगळं त्यात मिसळलेलं असतं. घाबरू नका, पण त्या उत्साहात पॅडलही हाणू नका. पहिली वीस मिनिटं हलका गिअर, पाणी, आणि आकडा आपोआप उतरू द्यायचा. १४०च्या खाली आल्याशिवाय खायला सुरुवात करू नका. वीस मिनिटांनंतरही १४५च्या वर अडकला असेल तर वेग आणखी उतरवा. लोक मागून पुढे जातील, जाऊ द्या.

मग पहिल्या नव्वद किलोमीटरचं छत: सपाटीवर १३६, म्हणजे थ्रेशोल्डच्या ८५ टक्के. प्रत्यक्षात १३० ते १३५मध्ये असाल. लंकावीचा रस्ता चढ-उताराचा आहे. चढावर १४५पर्यंत जाऊ द्या, त्यापुढे नाही. पॉवर मीटर (पॅडलवरची ताकद वॅटमध्ये मोजणारं यंत्र) असेल तर एफटीपीच्या, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणाऱ्या ताकदीच्या, ६५ ते ७० टक्के वॅट हे त्याच्या जोडीला ठेवा. तुमच्यासारख्याने पहिल्यांदा फुल करताना ७०च्या वर जायचं कारण नाही.

चढावर एक फसगत होते. हृदय मेहनतीच्या मागून येतं, अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त. पुणे–सातारा रस्त्यावर उड्डाणपूल लागतात ते आठवा. पूल चढायला चाळीस सेकंद. उभं राहून दणकावून चढलात तरी चढताना घड्याळ १३८च दाखवतं, आणि पूल उतरताना, पाय थांबलेले असताना, १५२ होतं. तोपर्यंत जळायचं ते जळून गेलेलं असतं. म्हणून छोट्या चढावर घड्याळावर विसंबू नका. श्वास ऐका. नाकाने श्वास घेणं सुटलं, एक सलग वाक्य बोलता येईना, तर गिअर हलका करा. खंबाटकीसारख्या लांब घाटात मात्र आकडा खरं बोलतो, कारण त्याला गाठायला वेळ मिळतो. घाटात मी शिकणाऱ्यांना एकच सांगतो: माथ्यावर पोचल्यावर पॅडल मारणं थांबवावंसं वाटलं तर चढ जास्त जोरात चढलात. माथा ओलांडून पुढची तीस सेकंद त्याच जोराने पॅडल मारता आलं पाहिजे.

नव्वद किलोमीटरनंतर, ऊन चढल्यावर, तीच मेहनत असताना आकडा चढू लागेल. घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, त्वचेकडे जादा रक्त जातं, प्रत्येक ठोक्याला हृदयातून बाहेर पडणारं रक्त घटतं, मग तेवढंच काम करायला ठोके वाढवावे लागतात. कार्डिअॅक ड्रिफ्ट म्हणतात ते हेच. दमट उष्ण हवेत चार-पाच तासांत दहा ठोके वाढणं मी नेहमीचं धरतो. इथे दोन चुका होतात. कोणी घाबरून १३६लाच चिकटून राहतो आणि वेग इतका पाडतो की कटऑफची, म्हणजे ठरलेल्या वेळमर्यादेची, चिंता लागते. कोणी "हा तर ड्रिफ्ट आहे" म्हणत १५५ झाले तरी सोडून देतो. तुमच्यासाठी दुसऱ्या अर्ध्यात छत १४२. तो ओलांडला तर आधी पाणी, मीठ, डोक्यावर-मानेवर-हातांवर पाणी ओतणं, आणि दहा मिनिटं हलका गिअर. तेवढ्याने उतरला तर उष्णतेचं काम होतं. उतरला नाही तर वेग खरंच जास्त आहे, तो कमी करा.

आणि उलट झालं, म्हणजे जोर लावावा लागतोय पण आकडा १३२वरून १२२वर घसरतोय, तर ती भुकेची खूण समजा. तेव्हा खायचं, लगेच, आणि खाल्लेलं लागेपर्यंत जोर करायचा नाही. ही दुसरी खूण फार लोकांना माहीत नसते, आणि माझ्या त्या ११८ची सुरुवात तिथेच, सायकलच्या शेवटच्या तासात झाली होती.

तुम्हाला वाटेल, एवढं सांभाळून जायचं तर वेळ किती जाईल? हिशेब करून पाहू. १८० किलोमीटर ताशी २६ने गेलात तर ६ तास ५५ मिनिटं. २८ने गेलात तर ६ तास २६ मिनिटं. वाचली २९ मिनिटं. पण हवेचा अडथळा वेगाच्या मानाने फार झपाट्याने वाढतो, त्यामुळे सपाटीवर या दोन किलोमीटरसाठी ताकद पाचव्या हिश्श्याहून जास्त लावावी लागते. त्यापायी अठराव्या किलोमीटरला चालायची वेळ आली, आणि किलोमीटरला सातऐवजी दहा मिनिटं लागू लागली, तर उरलेल्या २४ किलोमीटरांत ७२ मिनिटं जातात. २९ मिळवली, ७२ घालवली.

धावताना पहिले सहा किलोमीटर सगळ्यात अवघड, कारण ते सगळ्यात सोपे वाटतात. सायकलवरून उतरल्यावर पायांना वेगाचं भान नसतं. किलोमीटरला सव्वासहा मिनिटं चाललीत हे लक्षातच येत नाही. तिथे छत १४०, आणि त्यासाठी साडेसात मिनिटं प्रति किलोमीटर जावं लागलं तरी चालेल. प्रत्येक एड स्टेशनवर तीस-चाळीस पावलं चालत जा, प्या, बर्फ मिळाला तर टोपीत आणि जर्सीत घाला, आणि पुन्हा धावा. हे चालणं ठरवून केलेलं आहे, त्याचा संकोच नको. सहा ते तीस किलोमीटर छत १४५. तिसाव्यानंतर घड्याळाचा पडदा बदलून हार्ट रेट दिसेनासा करा. तिथे मर्यादा हृदयाची नसते, ठेचकाळलेल्या मांड्यांची असते, आणि जे उरलंय ते खर्च करायला हरकत नसते.

१८० वजा वय असा एक आकडाही तुमच्या कानावर आला असेल. तो प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांचा, सरावातल्या हार्ट रेटचं छत ठरवण्यासाठी. मार्क अॅलन हे आयर्नमॅनपटू त्यांच्याच सल्ल्याने वर्षानुवर्षं १५५च्या खाली राहून सराव करत, आणि हवाईतल्या आयर्नमॅन विश्वविजेतेपदाच्या शर्यतीत अनेक प्रयत्न फसल्यानंतर १९८९मध्ये त्यांनी प्रतिस्पर्धी डेव्ह स्कॉटना मिनिटभराहून कमी अंतराने हरवलं. हा विजय धरून ती शर्यत त्यांनी एकूण सहा वेळा जिंकली. पण तो १५५ त्यांच्या सरावाचा आकडा होता, शर्यतीचा नव्हे, आणि तुमचा तर मुळीच नव्हे. त्यांच्याकडून घ्यायचा तो धीर: महिनोन्महिने हळू जायची तयारी, जोवर त्याच ठोक्यांत वेग आपोआप वाढत नाही.

तुमच्यापुढे अजून पाच महिने आहेत. आठवड्यातली लांब सायकल याच छताखाली करा, खाणंही शर्यतीचंच. चार तासांच्या सायकलचे दोन अर्धे तुलना करून पाहा. वॅट तेवढेच असून दुसऱ्या अर्ध्यात हार्ट रेट पाच टक्क्यांपेक्षा कमी वाढला तर पाया तयार होतोय. दहा टक्के वाढला तर अजून लांब आणि हळू सायकली हव्यात. पॉवर मीटर नसेल तर बिनवाऱ्याच्या पहाटे एकाच सपाट रस्त्याच्या फेऱ्या मारून वेगाशी ताडून पाहा.

पुण्याचा पावसाळा आणि दिवाळीची थंडी तुम्हाला लंकावीसाठी तयार करणार नाही. शर्यतीआधी दहा ते चौदा दिवस उष्णतेत सराव केला की रक्तातल्या पाण्याचं प्रमाण वाढतं आणि त्याच वेगाला ठोके कमी लागतात. ऑक्टोबरात शनिवार-रविवार कोकणात किंवा मुंबईत काढता आले तर उत्तम. नाहीतर दुपारी दोनला धावा, पंखा बंद करून ट्रेनर चालवा. एक तासापेक्षा जास्त नको, आणि घरात कुणीतरी असताना.

एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. तुमचं वय चाळिशीपुढचं आहे. हृदयतज्ज्ञाकडे जाऊन स्ट्रेस टेस्ट केली नसेल तर चाचणीच्या आधी ती करा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेत असाल तर वरचा एकही आकडा तुम्हाला लागू नाही, ते औषध ठोकेच दाबून ठेवतं. आणि सरावात कधी आकडा अचानक १४०वरून १९०वर उडाला, तर आधी पट्टा ओला करून पाहा. तरीही राहिला, किंवा छातीत धडधड, दडपण, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं, तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवेपर्यंत सायकलला हात लावायचा नाही. उत्साहाच्या भरात हे अंगावर काढलेली माणसं मी पाहिली आहेत.

स्ट्रेस टेस्ट झाली की या रविवारी धावण्याची चाचणी करा, बुधवारी सायकलची. त्यानंतरच्या रविवारी पहाटे पाचला सातारा रस्त्याने चार तास, छत १३६, तासाला ६० ग्रॅम, उड्डाणपुलांवर श्वास ऐकत. तिन्ही फाइल मला पाठवा, सोबत कुठल्या तासाला काय खाल्लं तेही लिहा. लंकावीचे पक्के आकडे आपण त्यावरून ठरवू.